पाट्या चाळीस, खरेदीदार दोन : मराठी टीव्हीची मालकी आणि आपला आवाज

(माधवनगर येथे एप्रिल २०२४ मध्ये झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आयपीएल चालू असताना संध्याकाळी साडेसातला व्याख्यान ठेवायचं म्हणजे धाडसच. तरी तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार मानतो. मघाशी आत येताना बघितलं, बाहेर कट्ट्यावर दोन मुलं मोबाइलवर मॅच बघत होती आणि समोरच्या दुकानात टीव्हीवर तीच मॅच चालू होती. मोबाइलवर जिओ सिनेमा, टीव्हीवर स्टार स्पोर्ट्स. २०२२ च्या जूनमध्ये या हक्कांचा लिलाव झाला, तेव्हा टीव्हीचे हक्क स्टारनं घेतले आणि मोबाइलचे व्हायकॉम१८ नं. दोघांनी प्रत्येकी तेवीस हजार कोटींच्या वर पैसे मोजले. एकमेकांविरुद्ध चढाओढ करून मोजले. आणि आता दीडेक महिन्यापूर्वी, २८ फेब्रुवारीला, रिलायन्स आणि डिस्ने यांनी करार जाहीर केला, की स्टार आणि व्हायकॉम१८ एकत्र येणार. मंजुऱ्या अजून मिळायच्या आहेत. पण मिळाल्या, तर कट्ट्यावरची मॅच आणि दुकानातली मॅच एकाच घरची होईल.

तुम्ही म्हणाल, होऊ दे की. मॅच तीच, षटकार तेच, आपल्याला काय फरक पडतो? क्रिकेटपुरतं फारसा पडणार नाही, हे मीही मान्य करतो. पण टीव्हीवर फक्त क्रिकेट नसतं. आपल्या घरातल्या सुनेनं कसं वागावं हे टीव्ही सांगतो, निवडणुकीत प्रश्न कुठला आहे हे टीव्ही सांगतो आणि सांगली नावाचा जिल्हा महाराष्ट्रात आहे की नाही, हेही टीव्हीच ठरवतो. म्हणून आजचा विषय घेतला : मराठी टीव्ही कोणाचा आहे आणि तो थोड्यांच्या हातात गेल्यानं आपलं काय जातं.

हळदीच्या सौद्यातून बघू

तुम्ही हळदीच्या पेठेशेजारची माणसं. सौदा कसा चालतो हे मी तुम्हाला सांगायला नको. मार्केट यार्डात अडत दुकानांच्या पाट्या किती आहेत, यावर शेतकऱ्याला भाव मिळतो का? नाही. भाव मिळतो तो लिलावात बोली लावणारे किती आहेत यावर. पाट्या चाळीस असल्या आणि बोली लावणारे दोघंच असले, तर शेतकरी पोती घेऊन चाळीस दुकानं फिरला तरी भाव दोघंच काढणार. आणि ते दोघं आदल्या रात्री एका ताटात जेवले असले, तर मग विचारायलाच नको.

आपल्याकडं टीव्हीची चर्चा नेहमी पाट्यांची होते. ‘पूर्वी एक दूरदर्शन होतं, आता बघा किती चॅनेलं!’ हे खरं आहे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा एकच पाटी होती आणि दुकान सरकारचं होतं. त्या दूरदर्शननं ‘आमची माती आमची माणसं’ दिलं, ‘गजरा’ दिला, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ दिलं. पण मी त्या काळाचे गोडवे गायला आलेलो नाही. आणीबाणीत हेच दूरदर्शन सरकारचा भोंगा झालं होतं. एका मालकाचं दुकान कसं चालतं, हे आपण तेव्हा पाहिलेलं आहे. फक्त तो मालक सरकार होता, एवढंच.

मग खासगी वाहिन्या आल्या. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, झी समूहाची; तिचीच पुढं झी मराठी झाली. २००० मध्ये ईटीव्ही मराठी आली, रामोजी रावांची, हैदराबादहून. ताराही त्याच सुमारास आली आणि बंद पडली. २००७ मध्ये झी २४ तास आलं, स्टार माझा आलं, मी मराठी आली. २००८ मध्ये आयबीएन लोकमत, साम आणि स्टार प्रवाह. तो दहा वर्षांचा काळ आठवा. मालक खरोखर निरनिराळे होते. एक हिंदीतला मोठा व्यापारी, एक तेलुगू वृत्तपत्राचा मालक, अधिकारी बंधूंसारखे मुंबईतले मराठी निर्माते, वृत्तपत्रांची जुनी घराणी, एक परदेशी कंपनी. प्रत्येकाचा स्वार्थ होताच. पण तो वेगवेगळा होता. मी अनेक आवाज म्हणतो तेव्हा मला साधू मालक अपेक्षित नाहीत. स्वार्थ निरनिराळे असले, की एकाचं झाकलेलं दुसरा उघडं करतो. एवढीच माझी माफक अपेक्षा.

पाट्या तशाच, मालक बदलले

पुढं काय झालं ते क्रमानं सांगतो. २०१२ मध्ये ईटीव्हीच्या वाहिन्यांमधला हिस्सा नेटवर्क१८ नं घ्यायचं ठरवलं. त्यामागं पैसा रिलायन्सचा होता. २०१४ च्या मे महिन्यात रिलायन्सनं नेटवर्क१८ चाच ताबा घेणार असल्याचं जाहीर केलं. २०१५ मध्ये ईटीव्ही मराठीची कलर्स मराठी झाली. आयबीएन लोकमतचं पुढं न्यूज१८ लोकमत झालं. म्हणजे मराठीतली एक मोठी करमणुकीची वाहिनी आणि एक मोठी बातम्यांची वाहिनी, दोन्ही एकाच उद्योगसमूहाच्या छत्राखाली गेल्या. बातम्यांच्या वाहिनीत लोकमत समूह भागीदार आहे, म्हणजे वृत्तपत्रही शेजारीच आलं.

त्या २०१४ साली राजदीप सरदेसाई, सागरिका घोष आणि आयबीएन लोकमतचे निखिल वागळे त्या समूहातून बाहेर पडले. कारणं त्यांनी आपापली सांगितलेली आहेत, मी त्यात पडत नाही. वागळेंचा ‘आजचा सवाल’ तुमच्यापैकी अनेकांना आवडायचा नाही, हेही मला ठाऊक आहे. मलाही कधी कधी तो आरडाओरडा वाटायचा. पण माणूस आवडतो की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. मालक बदलला की पडद्यावरचा माणूस बदलतो, आणि प्रेक्षकाला त्यात मत नसतं, हा मुद्दा आहे. २०२२ च्या अखेरीस एनडीटीव्ही अदानी समूहाकडं गेली आणि रवीश कुमार बाहेर पडले, तेव्हा हेच दुसऱ्यांदा बघितलं.

आता दुसरी गोष्ट. झी आणि सोनी एकत्र येणार होते. डिसेंबर २०२१ मध्ये पक्का करार झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगानं मंजुरी दिली, एका अटीवर, की तीन वाहिन्या विका : बिग मॅजिक, झी ॲक्शन आणि झी क्लासिक. तिन्ही नावं नीट ऐका. त्यात मराठी वाहिनी एकही नाही. झी मराठी आणि २०१८ पासूनची सोनी मराठी एका घरात जाणार होत्या, त्याला काही हरकत नव्हती! शेवटी या जानेवारीत सोनीनं करार मोडला. मराठी प्रेक्षकाचं भलं व्हावं म्हणून नाही मोडला. एकत्र कंपनीचं नेतृत्व कोणाकडं जाणार, यावरून बिनसल्याच्या बातम्या होत्या. आपण वाचलो ते दोघांच्या भांडणामुळं.

आज करमणुकीच्या मोठ्या मराठी वाहिन्या मोजा : झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी, सन मराठी. पाच पाट्या, पाच घरं. झी-सोनी झालं असतं आणि हा नवा करारही पार पडला, तर पाट्या पाचच राहिल्या असत्या आणि घरं उरली असती तीन. त्यातलीही दोनच मोठी. म्हणून मी म्हणतो, पाट्या मोजू नका, बोली लावणारे मोजा.

स्पर्धा आयोगाला मी दोष देत नाही. त्याचं कामच तेवढं आहे. जाहिरातीचा दर वाढेल का, ग्राहकाला वाहिनी महाग पडेल का, हे तो बघतो. गोष्टी सांगणारे किती उरले, बातमी कुठली हे ठरवणारे किती उरले, याचा तराजू त्याच्याकडं नाही. हा तराजू आपल्या देशात कोणाकडंच नाही, आणि माझी खरी तक्रार ती आहे.

एकाच सागाची दारं

आता पडद्याकडं वळू. मी मालिका बघतो, लपवत नाही. घरी सगळे बघतात, मीही बसतो. स्टार प्रवाह गेल्या तीन-चार वर्षांत पुढं गेलं, ते ज्या मालिकांवर गेलं त्यातल्या काही घ्या. ‘आई कुठे काय करते’ ही मूळ बंगाली ‘श्रीमोयी’. तिचीच हिंदी ‘अनुपमा’. ‘सहकुटुंब सहपरिवार’ मूळ तमिळ ‘पांडियन स्टोअर्स’. ‘फुलाला सुगंध मातीचा’ म्हणजे हिंदीतली ‘दिया और बाती हम’. आणि बंगालीतली ती वाहिनी स्टार जलसा, तमिळमधली स्टार विजय, हिंदीतली स्टार प्लस. सगळं एकाच घरातलं. गोष्ट एकदा एका भाषेत चालली, की ती दुसऱ्या भाषेत लावायची. धोका कमी, खर्च कमी.

इथं कोणी म्हणेल, रूपांतर करणं पाप आहे का? सांगलीत उभं राहून मी तसं कसं म्हणेन? इथून जवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांचं ‘संशयकल्लोळ’ मोलिएरचं, इंग्रजीतून फिरून आलेलं. ‘झुंझारराव’ म्हणजे ऑथेल्लो. पण फाल्गुनराव आपल्याला फ्रेंच वाटतो का? शिवाय हे नाटक घ्यायचं की नाही, ते देवलांनी ठरवलं. आणि ज्या देवलांनी रूपांतरं केली, त्यांनीच १८९९ मध्ये ‘शारदा’ आणली. ती कुठून आणली नव्हती. म्हाताऱ्याच्या गळ्यात कोवळी पोर बांधली जाताना आजूबाजूला दिसत होती, त्यातून ती आली. आजच्या मालिकेच्या लेखकाकडं रूपांतराचं कौशल्य आहे. ‘आई कुठे काय करते’चे संवाद आणि अरुंधतीचं काम मला पहिल्या काळात खरंच चांगलं वाटलं. मध्यमवयीन बाई नवऱ्याला सोडून स्वतःच्या पायावर उभी राहते, हे संध्याकाळी साडेसातला घराघरात दिसणं ही लहान गोष्ट नाही. माझा सवाल एवढाच आहे, की आज कोणी ‘शारदा’ घेऊन गेला, तर त्याला वेळ मिळेल का? ती आधी कुठल्याच भाषेत चालून दाखवलेली नसेल ना!

बाजू दुसरीही आहे. झी मराठीवर २०१६ मध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’ आली, कोल्हापूरची. पुढच्या वर्षी ‘लागिरं झालं जी’, साताऱ्याची. आपल्याकडची बोली, तालीम, फौजेत जायची धडपड, पहिल्यांदा पुण्या-मुंबईच्या बैठकीच्या खोलीत गेली. त्याआधी टीव्हीवर आपल्या बोलीचा माणूस म्हणजे गडी नाही तर हवालदार. हा बदल व्यापारी वाहिनीनंच केला, त्याचं श्रेय द्यायला पाहिजे. पण तो कधी झाला? वाहिन्यांची चुरस होती, वेगळं काही दिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, तेव्हा झाला. आणि तो कुठं थांबला तेही बघा. बोली आली, प्रश्न आले नाहीत. जतचं पाणी आलं नाही, उसाचं थकलेलं बिल आलं नाही. याच माधवनगरात एक कॉटन मिल होती. मिल बंद पडल्यावर एका घराचं काय होतं, यावर हजार भाग निघतील. कोणी काढले?

न सांगितलेली बातमी

करमणुकीचं सोडा, बातम्यांचं बघू. लोक म्हणतात वाहिन्या खोटं सांगतात. माझा अनुभव वेगळा आहे. उघड खोटं कमी असतं. न सांगणं जास्त असतं. न सांगितलेली बातमी पकडता येत नाही, कारण ती दिसतच नाही.

मी काही वर्षं एका वाहिनीसाठी या भागातून बातम्या पाठवायचो. नाव घेत नाही, कारण नाव कुठलंही घातलं तरी गोष्ट तीच राहील. पगार नव्हता, बातमी लागली तर पैसे. एकदा दुष्काळी गावातल्या पाणीयोजनेवर चार दिवस फिरून बातमी केली. योजना कागदावर पूर्ण, नळ कोरडे. डेस्कवरून विचारलं, ‘व्हिज्युअल काय आहे?’ म्हटलं, कोरडा नळ. ते म्हणाले, ‘नळाला काय बघायचं? हंड्यांची मारामारी आहे का?’ नव्हती. लोक शहाणे होते, रांगेत उभे होते. बातमी लागली नाही. पुढच्या आठवड्यात एका गावात बिबट्या शिरला, तो तीनदा लागला. बिबट्याचे पैसे मिळाले. त्या पैशांत मी पाणीयोजनेच्या चार दिवसांचं पेट्रोल भागवलं.

तुम्ही हसलात. पण त्या डेस्कवरच्या पोराचंही चुकत नव्हतं. त्याला आठवड्याचे आकडे दाखवले जायचे. सगळ्या देशात पन्नास हजारांच्या आसपास घरांत यंत्रं बसवलेली, त्यावरून कोण काय बघतं ते ठरतं आणि त्यावरून जाहिरात ठरते. त्या आकड्यात कोरडा नळ हलका पडतो.

२०१९ चा पूर आठवा. ५ ऑगस्टला दिल्लीत ३७० कलमाचा निर्णय झाला. ६ तारखेला सुषमा स्वराज गेल्या. त्याच दिवसांत कृष्णा चढत होती आणि आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. राष्ट्रीय वाहिन्यांवर काश्मीर होतं. काश्मीर ही मोठीच बातमी होती, तक्रार नाही. पण ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं गेली, तेव्हा देशाला कळलं की इथं पूर आहे. मराठी वाहिन्या मात्र आल्या होत्या, त्यांचे वार्ताहर गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहिले, हे सांगायलाच पाहिजे. पण पाणी उतरलं तसे कॅमेरे उतरले. पुढं त्या पुराची कारणं शोधायला वडनेरे समिती नेमली, तिचा अहवाल २०२० मध्ये आला. त्या अहवालावर टीव्हीवर अर्धा तास सलग चर्चा तुमच्यापैकी कोणी ऐकली? हात वर करा.

(सभागृहात दोन हात वर.)

दोन. आणि २०२१ मध्ये पाणी पुन्हा घरात आलं! पूर हे चित्र आहे, अहवाल हा कागद. टीव्हीला कागद आवडत नाही.

आता प्रामाणिकपणे विचारू : हा दोष मालकी एकवटल्याचा, की जाहिरातीवर चालणाऱ्या धंद्याचाच? दोन्हीचा. मालक दहा झाले म्हणून कोरडा नळ आपोआप लागेल असं नाही. पण दहा असले, तर एखादा तरी म्हणतो, बाकीचे बिबट्या दाखवतायत, आपण नळ दाखवून बघू. ईटीव्ही मराठी आली तेव्हा जिल्ह्या-जिल्ह्यातल्या बातम्यांना असं महत्त्व आलं होतं, आणि तिथं शिकलेली कितीतरी पोरं पुढं मराठी वाहिन्यांत नावारूपाला आली. तीनच मालक राहिले, की तिघांचा हिशोब एक होतो. आणि त्या मालकाचे दुसरे धंदे असले, तेल, बंदरं, वीज, फोन, तर एक जास्तीची मुकी यादी तयार होते. ती कोणी लिहून देत नाही. डेस्कवरच्या माणसाला ती न लिहिता कळते.

इथं आपल्या खाडिलकरांची आठवण येते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. ‘कीचकवध’ १९०७ मध्ये आलं, इंग्रजांनी १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. बंदी घातली म्हणून ते आपल्या लक्षात राहिलं. आजचा कीचकवध बंदीपर्यंत जातच नाही. त्याला ‘सध्या स्लॉट नाही’ असं सांगतात.

वायर कोणाची?

अजून एक मालकी आहे, तिच्याकडं कोणी बघत नाही. वाहिनी तुमच्या घरात ज्या वायरीनं येते, ती वायर कोणाची? ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सनं डेन आणि हॅथवे या केबलच्या दोन मोठ्या कंपन्यांत बहुमताचा हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. म्हणजे माल त्यांचा, रस्ताही त्यांचा, आणि मोबाइलचा रस्ता आधीच त्यांचा. डिश अँटेनाच्या सेवेला नियम आहे, की वाहिनीवाल्यानं तिच्यात वीस टक्क्यांच्या वर हिस्सा ठेवायचा नाही. केबलला असा नियम नाही. आणि डिशचा नियमही कसा पाळला गेला? झी आणि डिश टीव्ही या कागदावर दोन कंपन्या, पण समूह एकच. कायदा कंपनी बघतो, घर बघत नाही.

कायद्याला मालकी कळत नाही असं मात्र नाही. बातम्यांच्या वाहिनीत परदेशी हिस्सा २६ टक्क्यांच्या वर नको, हे २००३ मध्ये ठरवलं. म्हणून स्टारला आनंदबाजार पत्रिकेशी भागीदारी करावी लागली, आणि शेवटी २०१२ मध्ये स्टार माझाचं एबीपी माझा झालं. परका मालक किती चालेल, हे ठरवता आलं. एकच देशी मालक किती ठिकाणी चालेल, हे मात्र ठरवायचं राहून गेलं.

राहून गेलं म्हणजे कोणी सांगितलं नाही असं नाही. ९ फेब्रुवारी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, क्रिकेटच्याच प्रक्षेपणावरून झालेला. मुख्य निकाल लिहिला न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी, आपल्या महाराष्ट्राचे. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, तिचा वापर जनतेच्या हितासाठी व्हावा आणि त्यासाठी स्वतंत्र सार्वजनिक यंत्रणा हवी, असा त्याचा गाभा. आपण त्यातलं अर्धंच ऐकलं. सरकारची मक्तेदारी गेली, एवढं उचललं. थोड्या श्रीमंतांची मक्तेदारीही नागरिकाच्या ऐकण्या-बोलण्याच्या हक्काला तितकीच घातक आहे, हा उरलेला अर्धा भाग तसाच पडून राहिला. त्याला आता एकोणतीस वर्षं झाली.

ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण. त्यानं २००९ मध्ये शिफारशी केल्या, २०१४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सविस्तर केल्या. एका मालकाकडं वृत्तपत्र आणि टीव्ही दोन्ही किती असावेत यावर मर्यादा, राजकीय संस्थांना वाहिन्यांपासून दूर ठेवणं, मालकी उघड करणं, आणि महत्त्वाचं म्हणजे हे मोजमाप भाषेनुसार करणं. २०२२ मध्ये परत लोकांची मतं मागवली. फायली जाड झाल्या. सरकारं बदलली, पण एकालाही त्या हलवाव्याशा वाटल्या नाहीत. का, ते तुम्ही ओळखता. निवडणुकीत प्रत्येकाला पडदा लागतो.

आश्रयदाता आणि तिकीट

शेवटाकडं येतो. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, ते सांगलीच्या राजांच्या, चिंतामणराव आप्पासाहेबांच्या आश्रयानं. आश्रयदाता चांगला होता. पण १८५१ मध्ये राजे गेले आणि भावे उघड्यावर आले. मग ते नाटक घेऊन गावोगाव निघाले, १८५३ मध्ये मुंबईत पोचले, तिकीट लावून खेळ केले. मराठी रंगभूमी जगली ती एका राजामुळं नाही. तिकीट काढणाऱ्या हजारो लोकांमुळं जगली. राजा चांगला असला तरी एकावर अवलंबून राहणं वाईट, हा धडा या मातीतला आहे.

मला मालक मराठीच हवा, असंही मी म्हणत नाही. तो माझा मुद्दाच नाही. आपल्याकडं मराठी मालकही आहेत, वृत्तपत्रांची घराणीही आहेत आणि त्यातल्या काहींचे राजकारणाशी धागे सगळ्यांना माहीत आहेत. गावची केबल बातमीसुद्धा कुणा ना कुणा नेत्याच्या हातात असते आणि त्याच्याविरुद्ध बातमी लावली तर वायर कशी तुटते, हे तुम्ही जाणता. मालक जवळचा असला म्हणजे आवाज वाढले असं होत नाही. मालक एकापेक्षा जास्त पाहिजेत, वेगवेगळ्या पोटाचे पाहिजेत, आणि कोण कोणाचा आहे हे उघड पाहिजे.

मागणी तीन गोष्टींची. पहिली, दोन वाहिन्या एक होताना मराठीत किती घरं उरतात हे मोजल्याशिवाय मंजुरी नको. दुसरी, ज्याची वाहिनी त्याचीच वायर, याला मर्यादा. तिसरी, सह्याद्री. तिला आपण विसरलो. प्रसार भारतीची स्वायत्तता कागदावर आहे. ती खरी झाली, तर जिल्ह्याचा कोरडा नळ दाखवायला जाहिरातदाराची परवानगी लागणार नाही. आकाशवाणी सांगली आपण ऐकत वाढलो. पिकाचा सल्ला आणि पेठेचा भाव त्यातून यायचा. आपल्या बोलण्यासाठी आपल्या पैशानं चालणारी जागा कशी असते, हे आपल्याला माहीत आहे.

पुढच्या महिन्यात, ७ मे ला, आपण मतदान करू. सांगलीची जागा कोणाची, यावर गेला महिनाभर वाहिन्यांनी भरपूर दाखवलं. सांगलीचे प्रश्न कोणते, हे किती दाखवलं, ते तुम्हीच मोजा. प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाला हा एक प्रश्न विचारा : ट्रायच्या शिफारशींचं तुम्ही काय करणार? तो गोंधळेल. गोंधळू द्या.

एवढं बोलून थांबतो.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : आता सगळे मोबाइलवर बघतात. यूट्यूबवर कोणीही वाहिनी काढतो. मग टीव्हीच्या मालकीची एवढी काळजी कशाला?

उत्तर : चांगला प्रश्न आहे. आपल्या जिल्ह्यात यूट्यूबवर चांगलं काम करणारी पोरं आहेत, मी त्यांचं बघतो. पण त्यांना विचारा, महिन्याला काय सुटतं? एका खटल्याची नोटीस आली तर वकील कोण देणार? शिवाय ते दुकान ज्या पेठेत आहे, ती पेठ एका कंपनीची. पुढं कोणाला दाखवायचं हे ती ठरवते. नवी पेठ आली याचा आनंद आहे; पण तिथं पाट्या लाख आणि बोली लावणारा एक. आणि तुमच्या आई संध्याकाळी काय लावतात? टीव्हीच ना?

प्रश्न (एक महिला) : सर, आम्ही दिवसभर काम करून रात्री मालिका बघतो. आम्हाला आवडतात. तुम्ही नावं ठेवता, पण आमचं काय चुकलं?

उत्तर : ताई, तुमचं काहीच चुकलं नाही, आणि मी तुम्हाला नावं ठेवत असेन तर माझं बोलणं फसलं. माझ्या घरीही त्याच मालिका चालतात. हॉटेलात ताटात दोनच भाज्या असल्या, तर लोक त्यातली बरी ती खातात. ‘लोकांना हेच आवडतं’ असं मग हॉटेलवाला म्हणतो. ताटात सहा भाज्या असत्या तर तुम्ही काय घेतलं असतं, हे त्याला माहीत नाही, मलाही नाही आणि अजून तुम्हालाही नाही. ते कळायची संधी तुम्हाला मिळावी, एवढंच माझं भांडण आहे.